तोफेची राखण

(ग्रंथालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेत 21 नोव्हेंबर रोजी दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचं शब्दांकन)



हंगाम छाटणीनंतरचा आहे, आभाळ भरून आलंय आणि तरीही तुम्ही बागा सोडून इथं येऊन बसलात. त्यामुळे पाल्हाळ लावण्याचा मला अधिकार नाही. व्याख्यानाचा विषय पत्रिकेत ‘एक शेतकरी, एक सैनिक’ असा छापलाय. नाव मुद्दामच दिलं नव्हतं. दिलं असतं तर निम्म्या लोकांनी ‘हे कोण?’ असं विचारलं असतं आणि उरलेल्या निम्म्यांनी विचारायचे कष्टही घेतले नसते.

त्यांचं नाव उमराव सिंग. हरियाणातल्या झज्जरजवळच्या पलडा गावचे शेतकरी. जन्म 1920 चा. 21 नोव्हेंबर 2005 रोजी दिल्ली छावणीतल्या लष्करी रुग्णालयात ते वारले, वय पंच्याऐंशी. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालेले आणि भारतात हयात असलेले ते शेवटचे सैनिक. त्यांच्या अंत्यविधीला लष्करप्रमुख जनरल जे. जे. सिंग आले, मुख्यमंत्री भूपिंदर सिंग हुड्डा आले. लष्करी इतमामात गावातच दहन झालं. वर्तमानपत्रांनी दोन दिवस बातमी चालवली आणि तिसऱ्या दिवशी गाव पुन्हा गव्हाच्या पेरणीला लागलं असणार. नोव्हेंबरात उत्तरेकडे दुसरं काय करणार?

आता हरियाणातल्या माणसाची पुण्यतिथी नाशिक जिल्ह्यात कशाला, असं कुणी विचारेल. तर ऐका. हा माणूस तोफखान्याचा, आणि तोफेचा आवाज आपल्याला नवा नाही. तोफखान्याची शाळा काकूलहून देवळालीला आली. नाशिकरोडला तोफखान्याचं केंद्र आहे. देवळालीच्या फायरिंग रेंजवर गोळे सुटायला लागले की आपल्याकडची घरं हलतात, तरी चुलीपुढची बाई मान वर करत नाही. भारतातल्या गनरचं आयुष्य कधी ना कधी या मातीवरून जातं. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, तोफखान्यातच होते. पर्वतीय तोफखान्यात, खेचरांवर. उमराव सिंग हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते पुस्तकात वाचून नव्हे, तात्यांच्या तोंडून.

पर्वतीय तोफ म्हणजे काय, हे तात्या आम्हा पोरांना ओसरीवर बसून सांगायचे. दुसऱ्या महायुद्धातली 3.7 इंची हॉवित्झर सुटी करता यायची. तिचे तुकडे आठ खेचरांच्या पाठीवर चढवायचे. एका खेचरावर नळी, दुसऱ्यावर चाकं, तिसऱ्यावर ढाल, असं करत डोंगर चढायचा आणि वर जाऊन काही मिनिटांत तोफ पुन्हा जोडायची. सगळी मिळून सातशे किलोच्या वर भरायची. खेचर हाकणाऱ्याला ‘ड्रायव्हर’ म्हणत, याचं आम्हाला फार हसू यायचं. तोफेवरच्या जवानांना नंबर असतात आणि जो हवालदार तोफेचा मालक असतो तो ‘नंबर वन’. मालक हा शब्द तात्यांचा. कागदावर तोफ सरकारची. पण ती कुठं रुतली, कुठं गंजली, कुठं अडखळते हे ज्याला झोपेतही सांगता येतं, तो तिचा मालक. बैलाचं असतं तसंच.

आणखी एक गोष्ट तात्या सांगत. पायदळाच्या पलटणीला निशाण असतं. तोफखान्याला वेगळं निशाण नसतं, तोफ हेच त्याचं निशाण. ती शत्रूच्या हाती पडणं म्हणजे निशाण पडणं. हे लक्षात राहू द्या, पुढच्या गोष्टीचा सगळा भार याच्यावर आहे.

उमराव सिंग नोव्हेंबर 1939 मध्ये फौजेत भरती झाले. युद्ध सुरू होऊन दोन-तीन महिने झाले होते. त्या युद्धात पंचवीस लाखांवर भारतीय फौजेत होते आणि सक्तीची भरती नसताना इतकी मोठी फौज जगानं तोवर पाहिली नव्हती. हे सगळे साम्राज्यावरच्या प्रेमानं गेले, असं इंग्रज लिहीत. सगळे पोटासाठी गेले, असं आपण म्हणतो. दोन्हीही मला आळसाचं वाटतं. झज्जर हा कोरडवाहू मुलूख. आपल्याकडे साताऱ्याच्या अपशिंग्याला ‘मिलिटरी’ असंच नाव पडलं. जिथं पाऊस लहरी आणि वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडलेले, तिथं फौज म्हणजे कधी न बुडणारं एक पीक. पण नुसत्या पगारासाठी भरती झालेला माणूस त्या रात्री जे घडलं ते करत नाही. तिथं आणखी काहीतरी लागतं.

ती रात्र 15 डिसेंबर 1944 ची. ठिकाण ब्रह्मदेशातलं आराकान, कलादान नदीचं खोरं. तीच कलादान, जिच्यावरून मिझोरामला समुद्राशी जोडायचा प्रकल्प आपण इतकी वर्षं वर्तमानपत्रांत वाचतोय. उमराव सिंग 33 व्या माउंटन बॅटरीत हवालदार होते आणि बॅटरीची एक तुकडी पुढं नेऊन ठेवली होती. ती होती 81 व्या पश्चिम आफ्रिकी डिव्हिजनच्या मदतीला. म्हणजे बघा, पलड्याचा शेतकरी तोफेवर, पुढं पायदळ गोल्ड कोस्टचं, ज्याला आज आपण घाना म्हणतो, आणि समोर जपानी. त्या अंधारात जेवढे होते त्यांतल्या बहुतेकांच्या घरी कुणी ना कुणी शेत कसत असणार. भांडण मात्र त्यांच्यापैकी कुणाच्याच बांधाचं नव्हतं.

जपान्यांनी आधी दीड तास 75 मिलिमीटरच्या तोफांचा आणि उखळी तोफांचा मारा केला. मग दोन कंपन्या चालून आल्या. उमराव सिंगांनी आपल्या जवानांना धरून ठेवलं आणि पहिला हल्ला परतवला. त्यात हातबॉम्बचे तुकडे लागून ते दोनदा जखमी झाले. दुसऱ्या हल्ल्यात शत्रू इतका जवळ आला की तोफेच्या ढालीवरून ब्रेनगन रोखून ते पाच यार्डांवर गोळ्या झाडत होते. पाच यार्ड म्हणजे या व्यासपीठापासून तुमची दुसरी रांग. मग तिसरा हल्ला, मग चौथा. तोवर तोफेवर ते आणि आणखी दोघे एवढेच उभे राहिले होते. बाकी मेलेले किंवा पडलेले. शेजारची तोफ शत्रूच्या हाती गेली होती. गोळ्या संपल्या होत्या.

अशा वेळी मागं सरलं तर कुणी नावं ठेवत नाही. उमराव सिंगांनी तोफ उचलायला, सरकवायला जी लोखंडी पहार असते ती उचलली, उरलेल्यांना हाक दिली आणि शत्रूवर धावले. तिघांना त्यांनी पहारीनं पाडलं, ते पाहिल्याची नोंद आहे. मग घाव बसले आणि ते कोसळले.

सहा तासांनी प्रतिहल्ला करून ती जागा परत घेतली, तेव्हा ते आपल्या तोफेशेजारी पडलेले सापडले. अंगावर सात मोठे घाव. सन्मानपत्रात नोंद आहे की ते जवळजवळ ओळखू येत नव्हते. भोवती दहा जपान्यांची प्रेतं. आणि तोफ? शाबूत. तिच्यातून त्याच दिवशी पुन्हा मारा झाला.

तात्या गोष्ट इथं थांबवायचे. दहा प्रेतांचा आकडा त्यांनी कधी सांगितला नाही, तो मला पुढं वाचून कळला. ते एवढंच म्हणायचे, ‘तोफ चालू होती. त्याच दिवशी चालली.’ लहानपणी मला वाटायचं, म्हातारा गोष्टीतली गंमतच गाळतो. आता वाटतं, त्यांनी नेमकं तेवढंच ठेवलं होतं. मारणं हा त्या रात्रीचा हेतू नव्हता, ती राखण होती. आपल्याकडे ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर बसून पोर रात्र काढतं, त्याला आपण शूर म्हणत नाही, राखणदार म्हणतो. त्याला पाखरांशी वैर नसतं. सकाळी शेत जिथल्या तिथं असलं पाहिजे, एवढंच त्याला ठाऊक. हातात जे येईल ते तो उचलतो. उमराव सिंगांच्या हातात पहार आली. बंदूक चालवायला फौज शिकवते, पहार धरायला तिला शिकवावं लागलं नसणार.

मोठ्या शौर्याच्या गोष्टींचा एक तोटा असतो. त्या माणसाचं उरलेलं आयुष्य गिळून टाकतात. उमराव सिंग त्या रात्रीनंतर एकसष्ट वर्षं जगले. चरित्रं या एकसष्ट वर्षांना दोन ओळी देतात. मला मात्र आज याच वर्षांबद्दल बोलायचंय.

15 ऑक्टोबर 1945 रोजी बकिंगहॅम राजवाड्यात सहाव्या जॉर्ज राजानं त्यांच्या छातीवर व्हिक्टोरिया क्रॉस लावला. हे पदक काशाचं असतं आणि ते शत्रूकडून जिंकलेल्या तोफांच्या धातूतून ओततात, असं परंपरेनं सांगतात. तोफा रशियन की चिनी, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. भांडू देत. आपली तोफ जाऊ न देणाऱ्याच्या छातीवर कुणाच्या तरी गेलेल्या तोफेचा तुकडा आला, एवढं मला पुरे आहे. दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यातल्या भारतीय हवालदार-नाईकांपैकी हा मान मिळालेले ते एकटेच.

पण तारीख बघा. 15 ऑक्टोबर. पुढच्या तीनच आठवड्यांत, 5 नोव्हेंबरला, दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद फौजेच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला. शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन. सारा देश त्यांच्या बाजूनं पेटून उठला, आणि उठायलाच हवा होता. झज्जर तिथून साठेक किलोमीटर. गंमत म्हणा की दैव म्हणा, 1944 च्या पूर्वार्धात याच कलादान खोऱ्यात आझाद हिंद फौजेची एक बटालियन याच पश्चिम आफ्रिकी डिव्हिजनशी लढली होती. आता इंग्रज राजाचं पदक लावलेल्या गड्यानं त्या हिवाळ्यात गावच्या चौकात कुठं बसायचं? कुणी त्यांना वाईट बोललं असेल, असं मी म्हणत नाही. बोलायला जागाच नव्हती, एवढंच. स्वतंत्र होणाऱ्या देशाला आपल्याच सैनिकांच्या दोन गोष्टी एका दमात सांगता येत नव्हत्या. त्यानं त्यातली एक निवडली. दुसरी पंचवीस लाख घरांच्या ट्रंकांत गेली.

आपल्याकडेही हेच झालं. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे जुलै 1944 मध्ये इटलीत पडले. माणगावला त्यांचा पुतळा आहे. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव एप्रिल 1945 मध्ये सेनियो नदीवर जखमी सोबत्यांना पाठीवरून आणत होते आणि मशीनगनची ठाणी मोडत होते. दोघंही मराठा लाइट इन्फंट्रीचे, दोघंही व्हिक्टोरिया क्रॉसवाले, म्हणजे व्हीसी. शाळेतल्या पोरांना विचारा, किती जणांना ही नावं येतात. मी शिक्षक होतो. तीस वर्षं इतिहास शिकवला आणि मीही ही नावं फळ्यावर कधी लिहिली नाहीत, कारण ती पुस्तकात नव्हती. हा दोष पुस्तकाचा नाही, माझा.

उमराव सिंग स्वतंत्र भारताच्या फौजेत राहिले, सुभेदार मेजर झाले, मानद कॅप्टन झाले आणि निवृत्त होऊन गावी परतले. घरची जमीन थोडी होती, ती कसू लागले. 1983 साली भारत सरकारनं पद्मभूषण दिलं. हे सगळं कागदावर भारदस्त दिसतं. घर मात्र पद्मभूषणावर चालत नाही. त्यांच्या ट्रंकेत एक वस्तू होती, जिच्यासाठी संग्राहक लाखभर पौंडांच्या वर मोजायला तयार असतात. इंग्लंडात व्हीसींचे लिलाव होतात, विकणाऱ्यांत वीरांची घरची माणसं असतात आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. गरज मोठी असते. उमराव सिंगांकडेही मागणी आली, एकदा नव्हे. त्यांनी विकलं नाही. त्यांचं म्हणणं असं की हे विकणं म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या इभ्रतीला डाग लावणं.

मी या उत्तरावर बराच विचार केला. पदक त्यांच्या नावाचं होतं, वरच्या पट्टीमागं त्यांचंच नाव कोरलेलं. तरी त्यांच्या लेखी ते त्यांचं नव्हतंच, त्या तोफेवरच्या सगळ्यांचं होतं. ते फक्त राखत होते. आपल्याकडे सामाईक विहिरीचं इंजिन एकाच्या घरी असतं, चावी त्याच्या खिशात असते, म्हणून तो ते विकू शकतो का? असं करणारे निघतात, मला माहीत आहे, समोर दोन-तीन जण हसलेही. पण पलड्यातला हा म्हातारा त्यांतला नव्हता.

मग आलं 1995. युद्ध संपल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून लंडनमध्ये मोठा सोहळा होता. उमराव सिंग गेले. मानाच्या पाहुण्यांच्या तंबूपाशी त्यांना अडवलं, कारण यादीत नाव नव्हतं. पंचाहत्तरीचा माणूस, छातीवर पदकं, आणि दारावर यादी. सोहळ्याची व्यवस्था बघणाऱ्या ब्रिगेडियर टॉम लाँगलंड यांनी छातीवरची ती किरमिजी फीत ओळखली आणि त्यांना आत घेतलं. म्हणजे फीत ओळखली. माणूस कुणी ओळखला होता, असं नाही.

आत गेल्यावर त्यांनी जे केलं ते मला कलादानच्या रात्रीइतकंच आवडतं. आपला माणूस अशा ठिकाणी गेला की हात जोडतो, फोटो काढतो आणि घरी येऊन कुरकुरतो. या शेतकऱ्यानं ब्रिटनचे पंतप्रधान जॉन मेजर यांच्यासमोर थेट पेन्शनचं गाऱ्हाणं मांडलं. व्हीसी मिळवलेल्या भारतीयांना वर्षाला 168 पौंड मिळत होते. तेव्हाच्या दरानं वर्षाचे आठ-नऊ हजार रुपये. ही रक्कम 1960 सालापासून तशीच होती. असे दहा जण तेव्हा हयात होते. बाजारसमितीत भावासाठी उभं राहिलेल्या माणसाला आकड्याची लाज नसते. तो दहांच्या वतीनं बोलला. मेजरसाहेबांना पटलं आणि रक्कम वर्षाला 1,300 पौंड झाली.

काही लोकांना हा प्रसंग नकोसा वाटतो. शूर माणसानं पैशाचं बोलू नये, असं त्यांना वाटतं. हे वाटणाऱ्यांची पेन्शन बहुधा वेळेवर येते. पदकाला लाखो मिळत असताना नाही म्हणणारा आणि पेन्शनीसाठी पंतप्रधानाला अडवणारा, हा एकच माणूस होता आणि त्यात मला काही विसंगत दिसत नाही. एक ठेव होती, तिला किंमत लावायची नसते. दुसरी मजुरी होती, आणि मजुरी मागून घ्यायची असते. हा फरक शेतकऱ्याला जितका लख्ख कळतो तितका आम्हा मास्तरांना कळत नाही.

मे 2003 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत व्हीसी आणि जॉर्ज क्रॉस मिळवणाऱ्यांच्या स्मारकाचं अनावरण झालं, त्यालाही ते गेले. नंतर आजारपण आलं, कर्करोगाचं. रात्री तोफ राखणाऱ्या माणसाला शेवटी दिल्लीच्या छावणीतल्या खाटेवर दिवस मोजावे लागले.

तात्यांचं सांगतो आणि थांबतो. निवृत्त झाल्यावर ते दिंडोरीकडे चार एकर कसत होते. आयुष्यातली शेवटची काही वर्षं त्यांना एकच धास्ती होती, नोव्हेंबरची. पेन्शनवाल्यांना ठाऊक आहे, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी जिवंत आहे, असं लिहून द्यायचं. पूर्वी सही चालायची, मग बोटाचं मशीन आलं. तात्यांचं बोट त्या मशीनवर उमटेना. नांगर, पहार आणि औषधाच्या फवाऱ्यानं बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. मशीनवरचा पोरगा म्हणाला, ‘आजोबा, पुन्हा दाबा.’ तात्यांनी दाबलं. ‘ओळख पटत नाही,’ असं तो पाच वेळा म्हणाला. शेवटी तात्या म्हणाले, ‘पटत नसेल तर राहू दे. मी आहे की नाही हे बागेला विचार.’ आणि उठून चालायला लागले. मी मागं धावलो, परत आणलं, दुसऱ्या बोटावर काम झालं.

उमराव सिंग आजच्याच तारखेला गेले. हयातीच्या दाखल्याचा महिना संपायला तेव्हाही नऊ दिवस बाकी होते.

आजही नऊच आहेत. आयोजकांना मी एक विनंती केली होती आणि त्यांनी ती मानली. बाहेर ओसरीत डाव्या हाताला टेबल मांडलंय. ज्या माजी सैनिकांचे आणि त्यांच्या पत्नींचे दाखले राहिले असतील त्यांनी पेन्शनचा नंबर आणि आधार घेऊन तिथं बसावं. बोटाचं मशीन आहे, आणि ज्यांचं बोट लागत नाही त्यांच्यासाठी डोळ्यांचंही मशीन मागवलंय. गर्दी करू नका. आधी म्हाताऱ्यांना पुढं घ्या. चहा टाकलेला आहे.